आधी झोळ विचारा, मग भाव

एडीएसएस, म्हणजे पोलावरून हवेत टांगायची फायबर केबल, विकायला आलेला माणूस पहिलं वाक्य ठरलेलं बोलतो: "साहेब, शंभर मीटर स्पॅनची आहे, मीटरला एवढे पडतील." आणि आपण लगेच त्या 'एवढ्या'वर घासाघीस सुरू करतो. मीही दोन वर्षं तेच केलं. शंभर मीटर, पण किती झोळाला आणि किती वाऱ्याला, हे विचारायचं असतं हे मला कळलं ते १६ मे २०२१ च्या रविवारी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यासमोरून वर सरकलं, त्याच्यानंतर.

मी देवरुखचा. १९९९ पासून केबलच्या धंद्यात आहे. आधी कोॲक्सिअल, टीव्ही, पावसाळ्यात ॲम्प्लिफायर पुसत फिरणं. आता फायबर आणि घरगुती इंटरनेट. आमच्याकडे वर चार बोटं माती आणि खाली जांभा. चर खणून केबल पुरायची म्हटलं तर खणाईचा खर्च केबलला खाऊन टाकतो. त्यामुळे सगळं काम पोलवरून, हवेतून. ज्यांचं असंच आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. देशावरच्या, विदर्भातल्या मंडळींनी वारा आणि ऊन आपापलं धरावं, हिशोब तोच.

केबल बघायच्या आधी वाट चालून या. गाडीवरून नाही, पायी, हातात वही आणि मोजायचं चाक किंवा पन्नास मीटरची टेप घेऊन. प्रत्येक पोलाला नंबर द्या आणि त्याच्यापुढे लिहा: पुढचा पोल किती मीटरवर, वाट इथे वळते का, पोलवर आधी काय काय आहे, मध्ये कुठलं झाड, खालून रस्ता जातो का. दोन पोलांमधल्या अंतराला, म्हणजे स्पॅनला, आमचे जुने लाईनमन गाळा म्हणतात, मीही तेच म्हणेन.

ज्या वाडीच्या कामात मी आपटलो तिचं पान अजून वहीत आहे. २३ पोल, २२ गाळे. त्यातले १९ गाळे ३५ ते ५० मीटरचे. दोन साठ-पासष्टचे. आणि एक, पऱ्या म्हणजे ओढा ओलांडणारा, चक्क १४० मीटरचा. विजेची लाईन तिथून लांबून वळसा घालून जाते. दोन्ही काठांवर आम्ही स्वतःचे जीआय पाइपचे पोल रोवले होते. मी काय केलं, सगळ्या गाळ्यांची सरासरी काढली. पन्नासच्या आसपास आली. म्हटलं ८० मीटर स्पॅनची केबल घेतली की झालं, वर तीस मीटर शिल्लक. गणित बरोबर होतं, पण ते शाळेतलं होतं. हवेतली केबल सरासरीवर लटकत नाही. ती सगळ्यात लांब गाळ्यात तुटते.

आता मला कुणी विचारलं तर मी असं सांगतो: वाटेवर लांब गाळा एखादाच असेल तर तेवढ्या तुकड्यासाठी वेगळी, दणकट केबल घ्या आणि दोन्ही काठांवर जॉइंट मारा. चांगल्या स्प्लाइसमध्ये, म्हणजे फायबरच्या जोडात, प्रकाशाचं नुकसान ०.०५ ते ०.१ डीबी, त्याने कुणाचं नेट बंद पडत नाही. पण तसे गाळे तीन-चार निघाले तर दोन प्रकारच्या केबली आणि जॉइंटचे डबे सांभाळत बसू नका, पूर्ण वाटेला मोठ्या स्पॅनचीच घ्या. आणि मध्ये एक पोल उभा करता येत असेल तर हे सगळं विसरा आणि पोल उभा करा. गाळा निम्मा झाला की निम्मी डोकेदुखी जाते.

एडीएसएसच का, हा प्रश्न त्याच्या आधीचा. बाजारात हवेतून न्यायला चार गोष्टी मिळतात. एक, जमिनीखालची आर्मर्ड, म्हणजे आत पत्र्याचं चिलखत असलेली, केबल जीआय तारेवर बांधून नेणं. दुसरी, आठाच्या आकड्यासारखी, जिच्या वरच्या गोलात पोलादी तार असते. तिसरी, दोन एफआरपी (काचतंतू घातलेलं प्लास्टिक) काड्या कडेला घातलेली साधी युनिट्यूब, म्हणजे सगळे फायबर एकाच नळीत. स्वस्त, हलकी, गल्लीबोळात ४० मीटरपर्यंत मी अजूनही वापरतो. चौथी एडीएसएस. नाव लांबलचक आहे, ऑल-डायइलेक्ट्रिक सेल्फ-सपोर्टिंग. अर्थ एवढाच की हिच्यात धातूचा कणही नाही आणि हिला दुसऱ्या तारेचा आधार लागत नाही.

धातू नसण्याचं महत्त्व पुस्तकात वाचून कळत नाही. २०१३ साली आमची एक आर्मर्ड लाईन जीआय तारेवर बांधून एका टेकाडावरून आली होती. वैशाखातल्या वळवाच्या पावसात कुठेतरी वर वीज पडली. लाईनवर पडली नाही, नुसती जवळपास. तरी ती पत्र्याच्या आर्मरमधून चालत कंट्रोल रूमपर्यंत आली, स्विच आणि दोन मीडिया कन्व्हर्टर काळे करून गेली. त्याहून वाईट शक्यता पोलवरची. विजेच्या पोलवर तुमची धातूची तार आहे, वरची तार तुटून तिच्यावर पडली, तर पुढचे दहा पोल तुमची केबल जिवंत. शिडी लावून चढणारा पोरगा आपलाच असतो. म्हणून विजेच्या पोलवरून जायचं असेल तर मी एडीएसएसशिवाय दुसरा विचार करत नाही. अर्थात महावितरणची परवानगी घेऊन, लाईन बंद करून, त्यांच्या तारांच्या खालच्या बाजूनेच.

आता झोळ. आमच्या धंद्यात 'झोल' म्हणजे भलतंच काही, पण केबलचा झोळ ही प्रामाणिक गोष्ट आहे. दोन पोलांमध्ये केबल मधोमध जितकी खाली लोंबते तो झोळ. गाळ्याच्या १ टक्का झोळ हा सर्वसाधारण चालणारा आकडा: १०० मीटरला १ मीटर, ५० मीटरला अर्धा.

एक सोपी गोष्ट लक्षात ठेवा. १ टक्का झोळ ठेवला की केबलमधला ताण हा त्या गाळ्यातल्या केबलच्या वजनाच्या साडेबारा पट असतो. माझी केबल किलोमीटरला ७० किलोची होती. १४० मीटरच्या गाळ्यात तिचं वजन ९.८ किलो. गुणिले साडेबारा, म्हणजे साधारण १२२ किलो. एवढीशी दहा किलोची केबल, पण दोन्ही पोलांना ती १२२ किलोने ओढत उभी असते, रात्रंदिवस, वारा नसताना. आणि झोळ निम्मा केलात तर ताण दुप्पट. आम्ही कोॲक्सिअलवाले, तार ताठ दिसली की काम नीट झालं असं मानणारे. पोरांनी कमअलाँग, म्हणजे तार ओढायचं हातयंत्र, लावून केबल अशी ताणली होती की झोळ ७० सेंटिमीटरवर आला. लोक म्हणाले, वा, काय सरळ रेषा आहे! त्या सरळ रेषेत २४५ किलो भरलेले होते.

हे झालं नुसत्या वजनाचं. वारा हिशोबात आला की वजन कुठल्या कुठे राहतं. वाऱ्याला केबलचं वजन दिसत नाही, जाडी दिसते. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात गावोगावच्या वाऱ्याचे मूळ वेग दिलेत: पणजी आणि पुण्याला सेकंदाला ३९ मीटर, मुंबई आणि नागपूरला ४४. ३९ म्हणजे ताशी १४० किलोमीटर. या वाऱ्याचा दाब काढायचा तर वेगाचा वर्ग गुणिले ०.६, म्हणजे चौरस मीटरला ९१२ न्यूटनच्या घरात. माझ्या केबलची जाडी ९ मिलिमीटर. दर मीटरवर आडवा रेटा आला सुमारे ८४० ग्रॅमचा. आणि त्याच मीटरचं स्वतःचं वजन? ७० ग्रॅम. वारा वजनाच्या बारापट. हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा कॅल्क्युलेटर पुसून परत केला.

ताण मात्र बारापट होत नाही, कारण केबल थोडी ताणते, झोळ वाढतो आणि त्यात बराच जोर जिरतो. तेवढ्या वाऱ्यात माझ्यासारख्या केबलचा १४० मीटरच्या गाळ्यातला ताण १ टक्का झोळावर साधारण तिप्पट होतो, साडेतीनशे किलोच्या आसपास. जी केबल ८० मीटरसाठी बनवलीय तिच्याकडून ही अपेक्षा करणं म्हणजे वासराला नांगराला जुंपणं. शिवाय असा वारा लागला की ती केबल सरळ पाच-सहा मीटर बाजूला झुकते, म्हणजे पाच मीटरवरचं जांभळीचं झाडही तुमच्या वाटेतच आहे असं धरा.

यातून एक उलटी गोष्ट निघते. गिऱ्हाईकालाच काय, आपल्या पोरांनाही वाटतं की जाड केबल म्हणजे मजबूत केबल. हवेत तसं नाही. १४ मिलिमीटरची केबल त्याच वाऱ्यात मीटरला १.३ किलोचा रेटा घेते. आत ॲरामिड, म्हणजे ताण घेणारे धागे, तेवढंच असेल आणि नुसतं प्लास्टिक वाढवून जाडी आणली असेल, तर ती जाड केबल आधी जाईल. बारीक आणि आतून घट्ट, अशी हवी.

तौक्तेच्या दिवशी माझी तुटली नाही. तुटली असती तर बरं झालं असतं, लगेच दिसलं असतं. वादळ गेलं, वाडीत नेट चालू होतं, मी देवाला हात जोडले. लॉकडाऊनचे दिवस, मुंबईची पोरं गावी राहून कंपनीचं काम करत होती. मग दहा-बारा दिवसांनी एकेकाची तक्रार: कॉल अडखळतो, दुपारी जास्त. ओटीडीआर लावला, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून तो कुठे किती गळतो ते रेघेत दाखवणारं यंत्र. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीवर रेघ जवळजवळ सरळ, १५५० वर पऱ्याच्या जागी बारीक उतार. फायबर दबलं, वाकलं की आधी १५५० वर दिसतं, हे कायम लक्षात असू द्या. दोन्ही तरंगलांबींवर तपासल्याशिवाय केबल ठीक आहे असं म्हणू नका. केबलला पोलाशी धरणाऱ्या क्लॅम्पजवळ जाऊन पाहिलं तर केबलचं वरचं जॅकेट दोन बोटं पुढे सरकून चुणी पडली होती. आतलं ॲरामिड आणि बाहेरचं जॅकेट यांची ताटातूट झाली होती. जुलैत ती त्या चुणीतच गेली.

म्हणून आता विक्रेत्याने पाठवलेल्या डेटाशीटवर मी आधी 'स्पॅन'चा आकडा बघतच नाही. बघतो तीन ताण. एक, तोडताण, म्हणजे ज्याला केबल तुटते. दुसरा, जास्तीत जास्त चालू शकणारा ताण, ज्याला एमएटी लिहितात. तो सहसा तोडताणाच्या ४० टक्क्यांच्या आसपास असतो. वादळातला ताण याच्या आत बसला पाहिजे. तिसरा, रोजचा ताण, वारा नसतानाचा. तो तोडताणाच्या २०–२५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. डेटाशीटवर यातलं काहीच नसेल, नुसतं 'स्पॅन १०० मीटर' असेल, तर तो कागद भेळेला द्यावा.

आणि एक खोच. परदेशी कंपन्यांच्या तक्त्यात 'एनईएससी लाईट, मीडियम, हेवी' असे रकाने असतात. हे अमेरिकेतले वर्ग. हेवी म्हणजे केबलवर चहूबाजूंनी अर्धा इंच बर्फाचा थर. आपल्याकडे बर्फ फक्त मासळीच्या गाडीत, म्हणून विक्रेता म्हणतो लाईटचा रकाना बघा, तुम्हाला भरपूर. लाईटमध्ये वाऱ्याचा दाब धरलाय ४३० पास्कल. आत्ताच वर आपण आपला काढला, ९१२. दुपटीहून जास्त. किनारपट्टीवरच्या माणसाने लाईटच्या रकान्यातला स्पॅन डोळे मिटून घ्यायचा नाही. कंपनीला मेल करा: माझा सगळ्यात लांब गाळा एवढा, झोळ १ टक्का, वारा सेकंदाला एवढे मीटर, बर्फ शून्य, झोळ आणि ताणाचा तक्ता पाठवा. बरी कंपनी चार दिवसांत पाठवते. जी पाठवत नाही तिचं न पाठवणं हेच उत्तर समजा.

नमुना मागताना हातभर तुकडा मागू नका, पाच मीटर मागा. अर्धा मीटर कापून दुकानाच्या पायरीवर बसून सोलायचा. मी कसा सोलतो ते सांगतो.

बाहेरचं काळं जॅकेट रिंगकटरने कापून ओढलं की आत पिवळे, सोनेरी धागे दिसले पाहिजेत. हेच ॲरामिड; केव्हलार म्हणतात ते याच जातीचं. साध्या कात्रीने कापायला जा, धागा कात्रीच्या पात्यांमध्ये वळतो, दुमडतो, कापला जात नाही. लायटर धरलात तर वितळत नाही, टोक काळं पडून कोळसा होतं. स्वस्त केबलमध्ये याच्या जागी पांढरे धागे निघतात. ते काचेचे. कात्रीने कचकन तुटतात आणि दिवसभर बोटं खाजवत बसतात. काचेचा धागा वाईट असतो असं नाही, उंदीर-खारींना तो आवडत नाही म्हणून मुद्दामही घालतात. पण तेवढ्याच ताणाला तो जास्त लांबतो आणि वजनाला भारी. लांब गाळ्याला मला पिवळाच हवा. काही जण वरच्या थरात चार पिवळे धागे आणि खाली सगळे पांढरे घालतात, त्यामुळे पूर्ण उलगडून बघा. खरा झोल तो.

मधोमध एफआरपीची काडी. ती बोटांनी वाकवून सोडली तर ताठ उभी राहिली पाहिजे, धस निघाले तर टाका. तिच्याभोवती गुंडाळलेल्या नळ्या आणि नळ्यांमध्ये फायबर. रंग क्रमाने मोजा: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. स्पिरिटच्या कापसाने पुसा. रंग कापसाला लागला, तर चार वर्षांनी पावसात डबा उघडून नारिंगी कुठला नि तपकिरी कुठला हे ठरवताना तुम्हाला माझी आठवण येईल. नळीत जेली हवी आणि नळ्यांच्या भोवती पाणी लागलं की फुगणारा धागा किंवा पट्टी. हा धागा तोडून चहाच्या बशीत पाणी घालून त्यात टाका. मिनिटभरात फुगून लिबलिबीत झाला पाहिजे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर केबल अक्षरशः पाण्यात असते, जॅकेटला एक भोक पडलं तर हा धागाच पाण्याला पुढे जाऊ देत नाही.

जॅकेट काळंच घ्या. काळा रंग काजळीचा असतो आणि तीच उन्हापासून वाचवते. पुनर्वापराच्या दाण्याचं जॅकेट ओळखायला मला नाक पुरतं, जळक्या डब्यासारखा वास येतो. नखाने ओरखडा काढला तर भुकटी निघते. दोन उन्हाळ्यांत ते पांढुरकं पडतं आणि क्लॅम्पच्या तोंडाशी चिरतं.

एटी (अँटी-ट्रॅकिंग) जॅकेटबद्दल विचारतात म्हणून थोडक्यात. साधं पीई, म्हणजे पॉलिइथिलीनचं, जॅकेट आपल्या एलटी (घरगुती दाबाच्या) आणि ११ केव्ही पोलांना पुरतं. टॉवरच्या लाईनवर, ११० केव्ही आणि वर, केबल ज्या जागी टांगलीय तिथलं विद्युतक्षेत्र जास्त असतं. ओल्या, मळलेल्या जॅकेटवर वाळलेले पट्टे पडतात आणि त्यांच्यामधून बारीक ठिणग्या उडून जॅकेट जळतं. खारा वारा असला तर आणखी. तिथे एटी लागतं, आणि तिथे तुमच्या-माझ्यासारख्याने एकट्याने जायचंही नसतं.

किती फायबरची घ्यायची? घरं मोजून जीपॉनचा, म्हणजे एक फायबर अनेक घरांना वाटून देण्याच्या पद्धतीचा, हिशोब केला तर वाडीला दोन पुरतात. मी १२ घेतो. १२ आणि ६ च्या भावात जो फरक पडतो तो पुन्हा पोल चढण्याच्या मजुरीपुढे काहीच नाही. पण मोह होऊन ४८ घेऊ नका. फायबर वाढले की नळ्या वाढतात, नळ्या वाढल्या की जाडी, आणि जाडीचं काय होतं ते वर सांगितलंय. फायबर नेहमीच्या जी.६५२डी जातीचा असला तरी चालतो. डब्यात गुंडाळताना ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा लहान वेढा देऊ नका. जी.६५७ए१ हा १० मिलिमीटरपर्यंत सोसतो आणि दोन्हींचा आपसात स्प्लाइस नीट बसतो. पोरं नवी असतील तर ए१ घ्या, चुका पोटात घालतो.

केबल घ्याल तिथेच, त्याच दिवशी, क्लॅम्प घ्या. ही माझी दुसरी ठेच. केबल ९.० मिलिमीटर, क्लॅम्प दुसऱ्या दुकानातून, डब्यावर लिहिलेलं १० ते १२. पोरांनी आत सायकलची ट्यूब कापून भरली आणि बसवला. ओढल्यावर बसला असं वाटलं, दुपारच्या उन्हात सरकला. छोट्या गाळ्यांना पाचरीचा अँकर क्लॅम्प ठीक. शंभरच्या वर गाळा गेला की केबलभोवती गुंडाळायचा, आधीच पीळ दिलेल्या तारांचा प्रीफॉर्म्ड डेड-एंड, आणि तो जाडीला अगदी बरोबर हवा. एकदा एखादा पावसाळा काढलेला प्रीफॉर्म सोडवून दुसरीकडे वापरू नका, त्याची पकड गेलेली असते. सरळ वाटेवर लोंबता सस्पेन्शन क्लॅम्प चालतो. पण वाट वीसेक अंशांहून जास्त वळली की दोन्ही बाजूंनी डेड-एंड आणि पोलाला ताण. तो ताण, म्हणजे स्टे, पोलाला मागे धरणारी तिरकी तार, केबल ओढायच्या आधी लावायचा, पोल वाकल्यावर नाही.

लांब गाळ्यात स्पायरल डॅम्परही, म्हणजे केबलभोवती गुंडाळायची, थरथर मारणारी पिळाची कांडी, लावा. गंमत अशी की त्याचा वादळाशी काही संबंध नाही. केबल थरथरते ती संध्याकाळच्या एकसारख्या मंद वाऱ्यात. पोलाला कान लावला तर गुणगुणणं ऐकू येतं. ती थरथर महिनोन्‌महिने क्लॅम्पच्या तोंडाशी केबलला खात राहते.

प्राण्यांना कुठलंच डेटाशीट लागू नाही. खार कुरतडते, तिथे काचेच्या धाग्याचा थर असलेली घ्या किंवा तेवढ्या भागात फांद्या तोडा. वानर कुरतडत नाहीत, पण दहा-बारा जणांचा कळप एका मागोमाग एक केबलवरून झुलत गेला की क्लॅम्पची परीक्षा होते. आमच्याकडचे निम्मे सरकलेले क्लॅम्प वानरांच्या खाती आहेत. माडाची सुकी झावळ वरून येते तेव्हा केबलवर बसते ती कुऱ्हाडीसारखी, माडाखालून वाट काढूच नका. आणि फाल्गुन-चैत्रात शेताच्या बांधावरून जाणाऱ्या केबलखाली राब भाजतात. मालकाला आधीच सांगून ठेवा, चहा पिऊन, प्रेमाने. जॅकेट वितळल्यावर भांडून उपयोग नसतो.

ड्रम आला की टेम्पोतून उतरवायच्या आधी ओटीडीआर. बारा म्हणजे बाराही फायबर, दोन्ही तरंगलांबींवर. १३१० ला किलोमीटरला ०.३५ डीबी आणि १५५० ला ०.२२ च्या आत यायला हवं. रेघेत कुठेही पायरी दिसली तर ड्रम परत. ओटीडीआरवर लांबी जॅकेटवरच्या मीटर खुणांपेक्षा थोडी जास्त दिसेल. घाबरू नका, नळीत फायबर मुद्दाम सैल, जरा लांब घातलेला असतो; वादळात केबल ताणली तरी काचेवर लगेच ताण येऊ नये म्हणून. मात्र दोन्ही टोकांच्या मीटर खुणा स्वतः वाचा. मला एकदा २ किलोमीटरच्या पैशात १८८० मीटर मिळाली होती. टोकांना टोप्या घालूनच ठेवा, उघडी केबल पहिल्या सरीत पाणी पिते.

ओढताना पोरांना एकच आकडा सांगा: वाकवायची तर जाडीच्या वीसपट त्रिज्या. ९ मिलिमीटरला १८ सेंटिमीटर, म्हणजे कप्पी घमेल्याएवढी हवी, विहिरीच्या रहाटाची चिमुकली नाही. दर चार-पाच पोलांवर आणि रस्ता ओलांडायच्या दोन्ही बाजूंना दहा-पंधरा मीटर जादा केबलचा लूप ठेवा. रस्त्यावर मधोमध झोळासकट ५.८ मीटरच्या खाली मी येऊ देत नाही. पेंढ्याने भरलेला ट्रक डोळ्यांसमोर आणा, मग तोही आकडा कमी वाटेल.

झोळ किती पडला ते वर चढून मोजता येत नाही. एक युक्ती मला महावितरणमधून निवृत्त झालेल्या एका लाईनमन काकांनी शिकवली. पोलापाशी, क्लॅम्पपासून हातभर पुढे, केबलवर काठीने एक टोला द्यायचा. लाट धावत दुसऱ्या पोलापर्यंत जाते, आपटून परत येते. बोटं केबलवर ठेवली की तिचा धक्का कळतो. टोला दिला की मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू, तिसऱ्या धक्क्याला बंद. जितके सेकंद आले त्यांचा वर्ग गुणिले ०.०३४, आला झोळ मीटरमध्ये. केबल कुठलीही असो, गाळा कितीही असो, गणित बदलत नाही. अर्ध्या मीटरच्या झोळाला ३.८ सेकंद लागतात, १ मीटरला ५.४.

पऱ्यावर त्या वर्षी गणपतीच्या आत दुसरी केबल टाकली. १५० मीटर स्पॅनची, आमच्या वाऱ्याचा तक्ता मागवून, दोन्ही काठांवर जॉइंट मारून. चाकरमानी आले तेव्हा नेट चालू होतं, त्यांना काही कळलंही नाही. झोळ ठेवला १ मीटर ४० सेंटिमीटर. लोकांना ती लोंबलेली वाटते, एक-दोघांनी ताणून घ्या म्हणून सांगितलं. दर वर्षी मृग लागायच्या आत, सकाळी आठच्या सुमाराला, ऊन तापायच्या आधी, मी काठी घेऊन तिथे जातो. पहिल्या वर्षी ६.४ सेकंद आले होते. यंदा ६.६. म्हणजे आठ-नऊ सेंटिमीटर उतरली. वहीत लिहिलं, क्लॅम्प तपासले, आणि काठी पुढच्या वर्षासाठी पोलाच्या मागे ठेवून आलो.